चुकीचं उत्तर

भोईर कुठल्याही खोलीत शिरले की आधी दुसरं दार शोधायचे. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, कुणाचं नवं घर असो. यजमान पाणी घेऊन यायच्या आत त्यांची मान चारी बाजूंना फिरून झालेली असायची. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोने विचारलं, "काही शोधताय का?" तर म्हणाले, "तसं काय नाय वहिनी, पण बाहेर पडायला एकच वाट दिसते तुमच्याकडे." आमच्या गॅलरीच्या ग्रिलला आज एक उघडणारी झडप आहे, ती त्या भेटीनंतर बसवलेली.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी खरेदी विभागात आणि भोईर मेंटेनन्सला. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मूळचे चिखलोलीचे आगरी, पण घरची शेती वडिलांच्या काळातच संपली होती आणि ते खरवईला एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात भर दुपारीसुद्धा छोटी बॅटरी. आमच्या त्या भागात हवेला रोज कसला ना कसला वास असतोच. नवा माणूस सुरुवातीला नाक मुरडतो, मग विसरतो. भोईर कधी विसरले नाहीत. गेटातून आत येताना नाक वर करून थांबायचे आणि म्हणायचे, "आजचा वास वेगळाय."

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अख्खं कॅन्टीन बाहेर काढलं होतं. ताटं टेबलावर तशीच, आम्ही सगळे उन्हात उभे. सुरक्षा विभागाची माणसं धावत आली, तपासणी झाली, आणि शेवटी कळलं की ऑफिसमधल्या एका मुलीच्या पर्समध्ये नेलपॉलिश काढायची बाटली सांडली होती. लोक भोईरांच्या तोंडावर हसले. भोईर जराही ओशाळले नाहीत. "काय नव्हतं, हे आपल्याला बाहेर येऊन कळलं," म्हणाले, "असतं आणि आत बसून कळलं असतं तर?" आणि गार झालेलं वरण निवांत जेवले.

असा माणूस भुताखेतांचे, राक्षसांचे, अंतराळात माणसं फाडणारे सिनेमे आवडीने बघत असेल असं कुणाला वाटेल? पण भोईरांना दुसरा नाद नव्हता. मी एकदा विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाले, "वाटते ना. पण तिथं सगळ्यांनाच वाटते. मी एकटा येडा नसतो."

त्यातली एक मालिका त्यांच्या जिवाची होती. आम्ही तिला 'खाणवाली' म्हणायचो. पहिला भाग त्यांनी तरुणपणी उल्हासनगरच्या एका जुन्या टॉकीजमध्ये हिंदीत पाहिलेला, लछूबरोबर. लछू म्हणजे लछमन, तिथल्याच कॅम्पातला सिंधी, भोईरांचा कॉलेजपासूनचा दोस्त. टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पुढे मीही त्यांच्यात सामील झालो आणि लछूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ते सगळे भाग पाहिले.

गोष्ट साधी होती. दूरच्या एका चंद्रावर खाण आहे. तिथे खडकात काहीतरी राहतं. त्याला स्वतःचा आवाज नाही. ते माणसाला गिळतं आणि मग त्याच माणसाच्या आवाजात, त्याचाच चेहरा घेऊन वर येतं आणि दार वाजवतं. खाणीवरची एक डॉक्टरीण यावर उपाय काढते. दार उघडायच्या आधी प्रश्न विचारायचा, जो खऱ्या माणसालाच येईल. तुझ्या आईचं गाव कुठलं? आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी काय घातलं होतं? उत्तर चुकलं तर दार बंद ते बंद. पहिल्या भागाच्या शेवटी तिचा नवराच दाराबाहेर येऊन उभा राहतो. रडतो, तिला नावाने हाका मारतो. ती प्रश्न विचारते, तो चुकतो. ती दारावर हात ठेवून उभी राहते, पण दार उघडत नाही.

भोईरांना तो प्रसंग पाठ होता. "बाई एकदम क्लिअर," ते म्हणायचे. "रडली, पण कडी नाय काढली." पुढचे दोन भाग टाकाऊ निघाले, मग मालिका बंदच पडली. भोईरांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्यासाठी नियम सांगून झाला होता.

त्यांच्या बायकोला, नलिनीवहिनींना, या सिनेमांचा तिटकारा. त्या अंगणवाडीत शिकवायच्या. ठेंगण्या, हसऱ्या, आवाज असा की वर्गातल्या पोरांना बाहेरच्या रस्त्यावरून ऐकू यावा. आम्ही घरी गेलो की तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पुढे ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "भाऊजी, यांना एखादा प्रेमाचा सिनेमा दाखवा हो. घरात मला बघून दचकतात." भोईर हसायचे. त्यांना मोकळं हसताना मी फक्त वहिनींसमोरच पाहिलं आहे.

वहिनींनी अंगणवाडीची नोकरी सोडली त्यानंतरची गोष्ट. मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "आई कशी आहे?" माझी आई वारली तेव्हा याच वहिनी माझ्या बायकोजवळ दिवसभर बसून होत्या. मला वाटलं, चुकून तोंडातून गेलं असेल. मी काहीतरी पुटपुटलो. चहा देताना त्यांनी पुन्हा विचारलं, "आईला का नाही आणलंत?" आणि मी चपला घालत असताना पुन्हा एकदा, "आईंना सांगा, मी येते भेटायला." मी भोईरांकडे पाहिलं. गेटातून आत येताना नाक वर करून जसे थांबायचे, तसे ते उभे होते.

पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि सांगितलं की हे हळूहळू वाढत जाईल. भोईरांनी एवढंच विचारलं, "वाढतंय हे आम्हाला कळेल कसं?" डॉक्टर म्हणाले, कळेल तुम्हाला. हे उत्तर भोईरांना पुरेसं नव्हतं.

आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

सकाळी चहाच्या वेळी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. आज वार कोणता? सोनलचा वाढदिवस कधी? सोनल त्यांची मुलगी, लग्न होऊन नाशिकला. आपलं लग्न कुठे झालं? माझ्या शाळेचं नाव काय? उत्तर बरोबर आलं की भोईर कामावर खुशीत यायचे, कुणाला तरी चहा पाजायचे. चुकलं की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मी म्हटलं, "अहो, त्यांना त्रास होत असेल." म्हणाले, "मना होतो तो त्रास नाय का? एक दिवस मी प्रश्न विचारीन आणि समोर ती नसेलच. मग? मला आधी कळायला नको?"

त्यानंतर एकदा मी त्यांच्या घरी असताना भोईर दूध आणायला खाली उतरले. दार लागताच वहिनी लगबगीने माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझी बाही धरली.

"भाऊजी, यांच्या शाळेचं नाव काय हो?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"संध्याकाळी विचारणार आहेत," त्या म्हणाल्या. "सकाळी सांगितलं होतं त्यांनी. मी पाठ केलं होतं. सांगा ना, ते यायच्या आत."

जिन्यात पावलं वाजली तशी त्यांनी बाही सोडली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी हे भोईरांना सांगायला हवं होतं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी फक्त लछूला सांगितलं.

याच सुमारास बातमी आली की खाणवालीचा नवा भाग येतोय. इतक्या वर्षांनी, आणि डॉक्टरीण म्हणून तीच नटी, आता पांढऱ्या केसांची. कारखान्यातली नवी पोरंसुद्धा मोबाइलवर जुने भाग बघायला लागली. भोईरांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड दिसला. सोनल काही दिवस आईपाशी येऊन राहिली होती, म्हणून ते माझ्या आणि लछूबरोबर दुपारच्या खेळाला यायला तयार झाले. तरी थिएटरात शिरल्यापासून दोनदा घरी फोन झाला. बाजूच्या खुर्चीवर, वाटेलगत, बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसले.

सिनेमा संथ होता. म्हातारी डॉक्टरीण खाणीत परत जाते. का जाते ते नीट सांगत नाहीत. खाली अंधारात बंद दारामागून तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येतो. ती जुनाच प्रश्न विचारते. उत्तर चुकतं. दुसरा विचारते, तेही चुकतं. थिएटरातली पोरं ओरडायला लागली, "जला दे! जला दे!" आणि डॉक्टरीण हातातलं हत्यार खाली ठेवते, कडी काढते, आणि त्या आकृतीसमोर जमिनीवर बसते. म्हणते, "राहू दे. मी विचारणार नाही." आणि ते जे काही असतं ते थरथरत तिच्याकडे बघत राहतं.

मागून कुणीतरी शिवी हासडली. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई तोंडाला ओढणी लावून रडत होती. भोईर उठले आणि शेवट न बघता बाहेर गेले.

आम्हाला ते रस्त्यावर सापडले. लछूने आम्हाला दाल-पकवानच्या गाडीवर नेलं, पण भोईरांनी द्रोणाला हात लावला नाही.

"वाट लावली," ते म्हणाले. "सगळ्या मालिकेची वाट लावली. इतकी माणसं मेली ती काय उगाच? नियम म्हणजे नियम."

"मला तर आवडली, साईं," लछू म्हणाला. "सच बोलू? रडू आलं मला."

"तुला कायपण आवडतं. उत्तर चुकलं ना? मग तो नाय. संपलं."

"तो नाही हे तिला पण माहीत आहे रे."

"मग बसली कनाला?"

लछूने हातातला द्रोण खाली ठेवला. "तू नुसती कडी बघत होतास म्हणून तुला दिसलं नाही. ते कापत होतं, यार. तो असो नाहीतर नसो, समोर जो आहे तो घाबरलाय. प्रश्न विचारला की अजून घाबरतो. म्हणून बसली ती." मग नको ते बोलला. "वहिनी पण अशाच घाबरतात. तू आलास की."

भोईरांनी आधी लछूकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं ते त्यांना कळलं असावं. ते वळले आणि रिक्षा थांबवून निघून गेले.

त्या सिनेमावरून आमच्या कारखान्यातही दोन तट पडले. कॅन्टीनमध्ये रोज भांडणं. एकीकडे 'बकवास', दुसरीकडे 'सगळ्यात भारी'. नवी इंजिनीअर मुलगी म्हणायची, पहिल्यांदा त्यांनी काहीतरी नवीन केलं. तिच्या शेजारचा म्हणायचा, राक्षसाला मिठ्या मारायच्या असतील तर भयपट काढू नका. भोईर तावातावाने 'बकवास'वाल्यांकडून बोलायचे. इतके की टेबलावरचे लोक बावरून गप्प व्हायचे. "तिनं दार उघडलं," ते टेबलावर बोट आपटत म्हणायचे, "आता सगळे मरणार. दाखवलं नाय, पण मरणार." माझ्याशी कामापुरतं बोलायचे. लछूचा फोन घ्यायचं त्यांनी बंद केलं. सोनल नाशिकला परतली होती.

मग एका दुपारी माझा मोबाइल वाजला. सुट्टीचा दिवस होता. भोईरांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"नलू घरात नाय."

सकाळी त्यांनी विचारलं होतं, माझं नाव सांग. वहिनींना आलं नाही. भोईर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, ते म्हणाले, पहिल्यांदा ओरडलो मी तिच्यावर. मग ते उशिरा अंघोळीला गेले, बाहेर आले तर दार सताड उघडं.

मी निघता निघता लछूला फोन केला. तो "आलो" म्हणाला आणि मागून शटर ओढल्याचा आवाज आला. तो मोटारसायकलने सोनिवलीकडे गेला, मी बारवी धरणाच्या रस्त्याला. नदीकाठी दोन फेऱ्या मारल्या. कपडे धुणाऱ्या बायकांना विचारत गेलो. हिरवी साडी, ठेंगणी बाई, पाहिलीत का? पाण्याकडे बघवत नव्हतं. भोईर इमारतीच्या गेटाशी उभे होते. पोलीस चौकीत सांगून आले होते, आणि घरी परत आली तर कुणीतरी हवं म्हणून त्यांना तिथेच थांबवलं होतं. मी फेरी मारून आलो की ते फक्त माझ्या स्कूटरची मागची सीट बघायचे.

उन्हं कलायला लागली तेव्हा लछूचा फोन आला. चिखलोली. नव्या स्टेशनच्या कामाच्या बाजूला. मी भोईरांना मागे बसवलं. माझ्या खांद्यावर त्यांची बोटं रुतत होती.

भोईरांचं जुनं घर होतं त्या बाजूला आता मातीचे ढिगारे आणि लोखंडी सळ्या होत्या. एका ढिगाऱ्याच्या सावलीत वहिनी बसल्या होत्या, अनवाणी. त्यांच्याजवळ कामावरची एक मजूर बाई, डोंगराकडच्या वाडीवरची असावी, हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होती. लछू दूर मोटारसायकलला टेकून थांबला होता, पुढे आला नव्हता.

भोईर उतरून धावलेच. त्यांना पाहून वहिनी उठल्या आणि त्या मजूर बाईच्या मागे गेल्या. तिचा पदर धरला.

"थांब बाबा," ती बाई म्हणाली. "तू कोन हायस? ही मघापासून सांगतंय, एक माणूस हाय, तो रोज तिची परीक्षा घेतो. नाय आलं तर घरात घेनार नाय, बोलतो."

भोईर थांबले. त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तोंड उघडलं त्यांनी. मला वाटलं, आता सांगतील, मी नवरा आहे हिचा. किंवा विचारतील, नलू, मला ओळखलंस ना?

ते वहिनींपासून चार हात अंतरावर, इस्त्रीच्या पँटीनिशी, मातीत बसले.

मजूर बाईला मुकादमाने हाक मारली, ती बाटली ठेवून गेली. वहिनी उभ्याच होत्या. मग त्या हळूहळू खाली बसल्या.

"तुम्ही कुणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडे नाय," भोईर म्हणाले. "दमलो, म्हणून बसलो."

"मीपण दमले."

"हं."

"इथे एक घर होतं."

"होतं," भोईर म्हणाले. "पुढे ओटा होता."

वहिनींनी मान हलवली. काही वेळाने म्हणाल्या, "मला आता जायचंय. पण वाट सापडत नाही."

"मी खरवईला चाललोय," भोईर म्हणाले. "त्याच बाजूला असेल तर चला बरोबर."

लछूने रिक्षा आणली. भोईर रिक्षावाल्याच्या शेजारी अवघडून बसले, मागे वहिनींना एकटीला मोकळं बसू दिलं. रिक्षा हलली तेव्हा लछू माझ्याकडे न बघता रुमालाने चष्मा पुसत होता.

त्या दिवसानंतर भोईरांनी प्रश्न विचारले नाहीत. पण ते बदलले असं मी म्हणणार नाही. दाराला उंचावर एक कडी बसवली, खिडक्यांना जाळ्या, गॅसच्या सिलिंडरला कुलूप. मुदतीआधीच नोकरी सोडली. लछूकडे पुन्हा जायला लागले, वहिनींना घेऊनच. मागच्या खोलीत वहिनी बिघडलेल्या रिमोटची बटणं दाबत बसायच्या आणि हे दोघे भांडायचे. सिनेमाबद्दलचं मत भोईरांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. "फालतू पिक्चर," ते म्हणायचे. "बसली ते ठीक. पण दार उघडं कनाला ठेवलं? आत जाऊन, कडी लावून मग बसायचं ना!" लछू कपाळावर हात मारायचा.

पुढे सोनलने दोघांना नाशिकला नेलं. जायच्या आधी सोनिवलीला त्यांच्या भाच्याची हळद होती, तिथे मी त्यांना शेवटचं पाहिलं. मांडवात गाणी इतकी मोठ्याने लागली होती की जमीन हादरत होती. वहिनी नाचणाऱ्या बायकांत होत्या, अंगावर तीच हिरवी साडी, गाल हळदीने माखलेले. मला पाहून त्या बाहेर आल्या आणि मी कोण हे न कळताच माझा हात धरून मला भोईरांपुढे नेलं.

"हा माझा दादा," त्या भोईरांकडे बोट दाखवून मला मोठ्याने म्हणाल्या. "मला माहेरी न्यायला आलाय."

भोईरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, जागरणाचे.

"हो," ते म्हणाले. "न्यायला आलोय. तू नाच अजून. घाई नाय."

वहिनी पुन्हा घोळक्यात शिरल्या. कुणीतरी भोईरांसाठी खुर्ची आणली, त्यांनी ती बाजूला सारली. मी काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. एका हातात वहिनींच्या चपला, दुसऱ्या हातात त्यांची पर्स घेऊन, टाचा उंचावून ते गर्दीत ती हिरवी साडी शोधत होते. सापडली की टाचा टेकायचे. पुन्हा दिसेनाशी झाली की पुन्हा उंच व्हायचे.